वरच्या मजल्यावरचं नेट

१५ जानेवारी

सीताबर्डीहून कॉम्प्युटरला वाय-फाय पकडून देणारा, अंगठ्याच्या पेराएवढा डोंगल आणला. दुकानदार म्हणाला, "यूएसबीत खोचा आणि विसरून जा." खोचला. काहीही झालं नाही. डब्यात तो चालवायच्या प्रोग्रामची एक बारकी सीडी होती, पण माझ्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नाही. फोन केला तर तोच माणूस म्हणतो, "मग ड्रायव्हर नेटवरून उतरवून घ्या न मॅडम." म्हणजे नेट यावं म्हणून डोंगल घ्यायचा आणि डोंगल चालावा म्हणून नेट आणायचं. शेवटी मोबाइल वायरने कॉम्प्युटरला जोडला, त्याच्या नेटवरून ड्रायव्हर उतरवला, तेव्हा कुठे डोंगलचा दिवा लागला. पडद्यावर शेजारच्या घरांच्या नेटची नावं रांगेने आली. सगळ्यांना कुलूप.

आपलं स्वतःचं नेट अजून यायचंच आहे. केबलवाला चंद्रभान रोज "उद्या" म्हणतो. नवरा, सुशील, वाडीच्या गोडाऊनमधल्या कामावरून आला, डोंगल उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "दावं तर आणलं वं, आता गाय कधी येते?" कोर्टाजवळचं टायपिंगचं दुकान बंद झालं तेव्हा मालकाने हा कॉम्प्युटर मला देऊन टाकला, आणि पुण्याच्या एका प्रकाशनाने जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं टाइप करायचं काम दिलं. घरी बसून मिळालेलं पहिलं काम आहे. मोबाइलचं नेट दुपारपर्यंत संपतं आणि पानं अर्धवट उतरून अडकतात. गाय लवकर यायला हवी.

१९ जानेवारी, रविवार

आज मी चोरी केली. इथे तरी सरळ लिहावं.

यमुताईंचा फोन आला, "कामिनी, जरा वर येतेस का गं? माझ्या फोनातलं नेट गेलं." यमुताई आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात, एकट्याच. त्यांचे यजमान श्रीधरराव बँकेत होते, ते जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा अपूर्व पुण्याला असतो. त्याने दिवाळीत येऊन आईकडे वाय-फाय बसवून दिलं, दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर आई दिसावी म्हणून. पासवर्ड राउटरच्या पाठीवर चिकटवलेला, अक्षरं मुंगीएवढी. मी मोबाइलने फोटो काढला, मोठा करून वाचला, त्यांच्या फोनात टाकून दिला. त्यांनी मला संत्री दिली.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. जिना उतरता उतरता तो फोटो पुसून टाकायला हवा होता. खाली आले आणि म्हटलं, फक्त जोडतं का ते पाहू. जोडलं. म्हटलं, एक फाइल उतरते का पाहू. उतरली. मग अख्खं पुस्तक उतरवून घेतलं. संत्री अजून टेबलावर आहेत. खाववत नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

डोंगल कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावला तर पत्र्याच्या डब्याआड त्याला ऐकू येत नाही. एक लांब वायर आणून तो खिडकीच्या गजाला टांगला आहे. आता उत्तम पकडतो. बाहेरून दिसू नये म्हणून त्यावर पडदा ओढला आणि स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी यमुताईंनी फोन धरायला वर बोलावलं. त्यांचा हात थरथरतो म्हणे. त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसून, शाल घेऊन खिडकीपाशी खुर्चीत बैठक मारली होती. पलंग आता बाहेरच्या खोलीत आणून घेतलाय. तिथे ऊन येतं, म्हणाल्या. मला म्हणाल्या, "चेहरा तेवढा येऊ दे, मागे पसारा आहे." पसारा काही दिसला नाही मला, पण जुन्या माणसांना नीटनेटकेपणा लागतो.

अपूर्व पडद्यावर आला आणि लगेच अडकला. आवाज तुटायला लागला. मला माहीत होतं का ते. खाली माझा कॉम्प्युटर दोनशे पानांचं पुस्तक गिळत बसला होता. अपूर्व म्हणत होता, "आई, नुसते चौकोन दिसतायत. फोन नीट धरता येत नाही का तुला?" बोलणी त्या माउलीला. "नेट नाही रे बाबा, ठेवते," म्हणून यमुताईंनी फोन ठेवला आणि मला चहा विचारला. तोंडावर दुःखाची एक रेघ नाही. मुलाशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत आणि ही बाई मलाच चहा विचारते.

१ फेब्रुवारी

ठरवलं होतं की रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटर बंदच ठेवायचा. सहज बोलण्यात यमुताईंना म्हटलं, "उद्या संध्याकाळी मी काही काम करत नाही." त्या म्हणाल्या, "का गं? नवीन काम आहे, रविवार पाळून कसं चालेल? संध्याकाळी तर मन लागतं कामात. कर हो तू, खुशाल कर."

माझ्या कामाची इतकी काळजी. आणि मी ही अशी.

उद्या करीनच थोडं. त्यांनी इतकं सांगितलं तर.

१२ फेब्रुवारी

सुशीलने पकडलं. गडी कॉम्प्युटरवर मॅच पाहत बसला होता. पाहता पाहता विचारलं, "चंद्रभान तर आलाच नाही. मग हे कोनाच्या नेटवर चालून राहिलं?"

सांगून टाकलं. वाटलं, रागवेल. त्याने मॅच बंद केली नाही, नुसता आवाज कमी केला. "अन् तुनं त्याईले इचारलं नाही?"

"नाही."

"काहून? त्या काही नाही म्हणनार हायेत का तुले? जाऊन इचार न आत्ता."

पहिल्या दिवशी विचारलं असतं तर गोष्ट साधी होती. आता विचारायला गेले तर आधी सांगावं लागेल की मी महिनाभर घेते आहे, आणि मग हेही सांगावं लागेल की तुमचा मुलगा चौकोनात दिसतो तो माझ्यामुळे. ते तोंडातून निघत नाही. सुशीलला काय, तो गोडाऊनमध्ये ट्रकवाल्यांशी भांडतो, त्याला सगळं सोपं वाटतं. वर यमुताई खुर्ची सरकवत होत्या. हल्ली दिवसभर तोच आवाज असतो, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. घर लावायची हौस आहे त्यांना या वयात.

चंद्रभानला मी पंधरवड्यापासून फोन केलेला नाही, हेही लिहून ठेवते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मेले होते मी.

फोन मीच धरला होता. मध्येच अपूर्व म्हणाला, "आई, मी इथून तुझ्या नेटवर कोण कोण आहे ते पाहिलं. एक कॉम्प्युटर दिसतोय. तुझ्याकडचा माझा जुना तर बंद पडून आहे. कुणीतरी फुकटात वापरतंय. मी पासवर्ड बदलून टाकतो."

मी फोन नकळत खाली केला, यमुताईंचा चेहरा पडद्यातून निघून गेला असेल. त्या मात्र शांत. "माझंच असेल काहीतरी," म्हणाल्या. "बदलू नकोस बाबा. मला पुन्हा टाकता येत नाही, कामिनीला किती त्रास द्यायचा?"

देवासारखं माणूस. यातलं ओ की ठो कळत नाही त्यांना, म्हणून मी वाचले.

मग अपूर्वचं नेहमीचं सुरू झालं. पुण्याला ये, त्याची बायको मधुवंती घरूनच काम करते, तिकडे कुठे पडलीबिडलीस तर कळणारही नाही आम्हाला. यमुताई म्हणाल्या, "मी ठणठणीत आहे. दिसत नाही का तुला?"

"कुठे दिसतेस आई? नुसता आवाज येतो, तोही तुटका."

"मग नेटवाल्याला विचार," म्हणाल्या आणि ठेवला.

मी उठले तर म्हणाल्या, "बस जरा." मग शाल आवरत, "तिथे सगळे चांगले आहेत गं. सूनही चांगली आहे. पण तिथे मी चहा केला तरी विचारून करीन. इथे मी मालकीण आहे. एकदा गेले की पुन्हा या घरात यायची नाही, मला माहीत आहे." डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज बारीक झाला होता. ज्या माणसाचं मुलाशी आठवड्यातून एकदाचं बोलणं मी तोडते, त्याला धीर कोणत्या तोंडाने द्यायचा?

९ मार्च, रविवार

ऊन तापायला लागलं. सुशीलने कूलर बाहेर काढला, गवताच्या ताट्या बदलल्या.

वर गेले तर यमुताईंच्या डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. गरम पाणी सांडलं म्हणाल्या. पाय सुजलेलाही वाटला. मी विचारलं, "अपूर्वले सांगितलं?" "सांगितलं तर. तो म्हणाला, मलम लाव." मलम मीच आणून दिलं.

तेवीसला अपूर्वचा वाढदिवस आहे. दर वर्षी तो येतो आणि यमुताई त्याला पाटावर बसवून औक्षण करतात. या वर्षी त्याला सुट्टी नाही. फोनवरच ओवाळीन, म्हणाल्या, आणि हसल्या. फोनवर कुणाला ओवाळणार? त्या चौकोनांना?

घरी आले आणि एकदम सुचलं. अपूर्वचा कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर यमुताईंच्या बाहेरच्या खोलीत आहे, वर विणलेलं कव्हर घालून. त्याला वाय-फाय नाही, म्हणून पडून आहे. माझा डोंगल काढून त्याला लावायचा. एक कॅमेरा बसवायचा. मोठ्या पडद्यावर आईला मुलगा दिसेल, मुलाला आई दिसेल. आणि माझ्याकडे डोंगलच उरणार नाही, म्हणजे चोरीही आपोआप बंद. एका झटक्यात माझं सगळं पाप फिटेल. कबूल करायलाही नको.

अपूर्वला निरोप पाठवला. तो इतका खूश झाला की त्याने ताबडतोब कॅमेरा धाडतो म्हणून कळवलं. लिहिलं, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून मी इथे निश्चिंत असतो." वाचून खूप रडले.

२२ मार्च

झालं. सकाळी खिडकीच्या गजावरून डोंगल सोडवला. मन इतकं हलकं झालं की वर जाताना मी दोन दोन पायऱ्या चढले.

जुना कॉम्प्युटर सुरू व्हायलाच उशीर, त्यात पुन्हा ड्रायव्हरचं तेच रामायण, पण आता मी त्यात पटाईत झाले आहे. यमुताई पलंगावर बसून पाहत होत्या. "हे कशाला उघडून राहिलीस? फोन बरा आहे मला."

"अपूर्वची इच्छा हाय, यमुताई. उद्या मोठ्या पडद्यावर ओवाळायचं त्याले."

मग म्हणाल्या, "यातून दिसतं किती?"

मी कॅमेरा चालू करून दाखवला. फुशारकीने म्हटलं, "अख्खी खोली दिसते, बघा. पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यात पलंग होता, पलंगाशी औषधांचं स्टूल, प्लास्टिकची खुर्ची, आणि मध्ये त्या. "पलंग आत नेता येईल का गं?" म्हणाल्या. "सुशीलला सांग. आणि ती खुर्चीही."

"राहू द्या न, यमुताई. घरातल्यासारखं दिसू द्या त्याले."

"कॅमेरा जरा वर नाही का करता येत? तोंड तेवढं येईल असा."

"मग ताट कसं दिसेल?"

त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. थकल्या असतील. मी तबक घासून, निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता सगळं मांडून ठेवून आले.

पुण्याचं काम मोबाइलवरून पाठवायला गेले, अर्ध्यात अडकलं. अडकू दे. आज पहिल्यांदा या टेबलाशी बसून मला कुणाची भीती वाटली नाही.

२३ मार्च, रविवार

अपूर्व पडद्यावर आला तो अगदी समोर बसल्यासारखा. पाटावर बसला होता, डोक्यावर टोपी, शेजारी मधुवंती. दोघं हसत होती. "आई, किती स्वच्छ दिसतेस!" म्हणाला. यमुताई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, पायावर शाल पसरून. मी निरांजन लावून तबक त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी बसल्या बसल्याच ओवाळायला हात उचलला. अपूर्व म्हणाला, "आई, बसून काय? ऊठ ना. दर वर्षी उभी राहून करतेस."

"करते रे इथूनच."

"ऊठ, आई."

बसून औक्षण कधी केलं आहे का कुणी मुलाचं? मीही म्हटलं, "उठा न यमुताई, मी धरते." आणि मी शाल बाजूला घेतली. मीच घेतली. त्यांनी एका हाताने खुर्चीची पाठ धरली, दुसऱ्या हातात तबक, आणि त्या उठल्या. डावा पाय टेकवेना. फडकं ओलं होतं, पिवळं. खुर्ची पुढे ढकलून त्यांनी एक पाऊल टाकलं, त्या खुर्चीचा आवाज झाला, आणि तो आवाज ऐकून मला कळलं की ही बाई जानेवारीपासून घर लावत नव्हती. ती चालत होती.

निरांजन कलंडलं. मी तबक धरलं, त्यांनाही धरलं. पडद्यावर अपूर्व पाटावरून उठून अगदी कॅमेऱ्याजवळ आला होता. तो ओरडला नाही. "आई, हे केव्हापासून?" एवढंच विचारलं. यमुताई माझ्याकडे पाहत होत्या.

तेलाचा डाग फरशीवर होता, तो मी पुसला.

२६ मार्च

अपूर्व परवा रात्रीच्या गाडीने निघून काल सकाळी आला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात दाखवलं. साखर खूप वाढली आहे, जखम आत गेली आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. जानेवारीत न्हाणीत पडल्या होत्या, तेही आता निघालं. कुणालाच सांगितलं नव्हतं. अपूर्वलाही नाही, मलमाचंही नाही. मला "सांगितलं तर" म्हणाल्या होत्या.

अपूर्वने जिन्यात माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, तुम्ही हे केलं नसतं तर मला कळलंच नसतं. मी आईला ओरडत राहिलो, फोन धरता येत नाही म्हणून." मला वाटलं, आता सांगावं. फोन धरता येत होता त्यांना. माझ्या पुस्तकांनी तो तोडला. नीट चाललं असतं तर आईची दशा तुला जानेवारीतच दिसली असती. तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा ठेवू?"

ठरलं आहे. पाय जरा बरा झाला की पुण्याला नेतो म्हणाला, कायमचं.

५ एप्रिल

यमुताई गेल्या.

गाडी फाटकाशी उभी होती. अपूर्व आणि सुशील बॅगा ठेवत होते. मी यमुताईंना आधार देऊन जिना उतरवत होते, पायरीगणिक थांबत. पाया पडले आणि तिथेच सांगितलं, सगळं. स्टिकरचा फोटो, खिडकीतला डोंगल, चौकोन. रडत रडत. म्हटलं, "मले माफ करा, यमुताई. मी न विचारता घेतलं."

त्यांनी कठड्याला हात टेकला. "ते माहीत होतं मला. पहिल्याच रविवारी शंका आली, पुढे कळलं. खाली तुझा कॉम्प्युटर चालू असला की अपूर्व दिसत नव्हता, बंद असला की दिसत होता. मी काही इतकी म्हातारी नाही."

"मग बोलल्या काहून नाही?"

"कशाला बोलू? माझं बरं चाललं होतं त्यात."

रविवारी खुशाल काम कर म्हणाल्या होत्या, ते आत्ता आठवलं.

खालून अपूर्वने हाक मारली. यमुताई एक पायरी उतरल्या, मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "न विचारता घेतलंस, तोवर मी काही बोलले का? मग न विचारता द्यायला कशाला आलीस?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. गाडीत बसताना त्यांनी सुशीलला सांभाळून राहा म्हटलं. मला काही म्हटलं नाही.

पाय वाचला, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. ते खरंही आहे. पण मी पाय वाचवायला वर गेले नव्हते. मी माझं ओझं उतरवायला गेले होते आणि ते त्यांच्या डोक्यावर ठेवून आले.

९ एप्रिल

वरच्या घराची किल्ली अपूर्वने माझ्याकडे दिली आहे. डोंगलही परत दिला, "आता आईला काय लागणार" म्हणून. आज त्याचा निरोप आला. वरच्या नेटचे वर्षभराचे पैसे त्याने भरून टाकलेत. लिहिलंय, "राउटर चालूच ठेवला आहे. वहिनी, तुम्ही हक्काने वापरा. नाही म्हणायचं नाही, आईच्या जिवाची किंमत आहे ही."

नाही म्हणायचं तर का, तेही सांगावं लागेल. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

यमुताईंना विचारून पाहावं असं मनात आलं. फोन केला तर मधुवंतीने उचलला. म्हणाली, "त्या झोपल्यात." दुपारी पुन्हा केला, तेव्हाही झोपल्या होत्या.

सुशील म्हणतो, "आता तर चोरी नाही न वं? पोरानं सोताहून देल्लं. मग काहून तोंड पाडून बसली?" वर जाऊन झाडलोट करून आले. पलंगावरची चादर काढली, घडी करून ठेवली, खिडक्या लावल्या.

मग खाली येऊन डोंगल लावला. पुण्याचं तुंबलेलं सगळं काम एका दमात गेलं, कुठे अडकलं नाही. आता वर कुणीच वापरत नाही, त्यामुळे स्पीड उत्तम आहे.